भातुकलीचं मोल

माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेला माणूस परत येताना दोन गोष्टी हमखास आणतो. एक म्हणजे देवीचा तांबूल. विड्याची पानं, कात, सुपारी असं सगळं एकत्र कुटून केलेला हा प्रसाद म्हणजे माहूरची खास ओळख. दुसरी गोष्ट म्हणजे घरच्या लहानग्यासाठी पायथ्याच्या दुकानातून घेतलेलं एखादं खेळणं. आमच्या घरी मात्र तांबूल आणि खेळणं एकाच वस्तूत एकत्र आलेलं आहे. ती वस्तू म्हणजे पितळेचा, मुठीत मावेल एवढा एक खलबत्ता. माझी आजी उतारवयात, दात गेल्यावर, त्यात तांबूल कुटून खायची. पण तो खलबत्ता मुळात तांबुलासाठी केलेलाच नव्हता. तो तिच्या भातुकलीतला होता.

आजीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, म्हणजे वऱ्हाडातलं. सासर अलीकडे माहूर भागात. त्या काळी पैनगंगा ही नुसती नदी नव्हती, ती सरहद्द होती. पलीकडे इंग्रजांचा कारभार आणि अलीकडे निजामाचं राज्य, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं ‘मोगलाई’ म्हणत. साधारण १९१४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, आजी लग्न होऊन नदी ओलांडून आली. बरोबर रुखवतात आलेली मोठी भांडी होती आणि एका लाल फडक्यात बांधलेली तिची स्वतःची पितळी भातुकली होती. मोठी भांडी सासरच्या घराची झाली. लाल फडकं तेवढं तिचं राहिलं. दुपारी सासू जरा आडवी झाली की ओसरीच्या कोपऱ्यात ते फडकं सोडायचं आणि सासूची चाहूल लागली की बांधून ठेवायचं. आजी हे हसत हसत सांगायची. आम्हीही हसत ऐकायचो. त्यातलं हसण्यासारखं किती आणि रडण्यासारखं किती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आजीचं उदाहरण काही वेगळं नव्हे. आनंदीबाई जोशी पुढे देशातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक झाल्या. त्यांचं लग्न १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी झालं. रमाबाई रानडे १८७३ साली न्यायमूर्तींच्या घरी आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. मुलीच्या लग्नाला निदान चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा झाला १९२९ साली, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. तेव्हा भातुकली म्हणजे केवळ करमणूक, असं समजण्याचं कारण नाही. ती एक शाळा होती. अक्षरओळखीची शाळा जिच्या वाट्याला येत नव्हती, त्या मुलीची ही संसाराची शाळा. फक्त या शाळेतली मुलगी खेळता खेळता एक दिवस खरोखरच्या चुलीपुढे बसवली जाई.

या शाळेचं साहित्य तरी केवढं! पूर्ण भातुकली मांडली तर जुन्या मराठी घराचं सगळं माजघर आणि स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहतं. चूल आणि तिचा वैल. जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ. पोळपाट-लाटणं, उलथनं, झारा, पळी, ओगराळं. परात, कढई, तपेलं, गंज, वेळणी. पाण्याचा हंडा, घागर, कळशी, तांब्या. दुधाची चरवी, ताकाची रवी. विळी, किसणी, सोऱ्या, पुरणयंत्र. आंघोळीचं घंगाळ आणि बंब. देवाची समई, निरांजन, ताम्हन-पळी. पुरुषांच्या बैठकीतला पानाचा डबा आणि अडकित्ता. यातल्या निम्म्या वस्तू आज घरात नाहीत आणि त्यांची नावंही आता तरुण मुलामुलींना सांगावी लागतात. म्हणजे वस्तू गेल्या आणि मागोमाग शब्दही गेले. भातुकली जपली असेल तर मात्र वस्तू आणि शब्द दोन्ही हातात येतात.

परदेशात बाहुल्यांची घरं आणि त्यातलं चिमुकलं फर्निचर जमवण्याचा नाद फार जुना आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या धनिक बाईचं बाहुलीघर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिनं ते करवून घेतलं. त्यातली चिनी मातीची इवलीशी भांडी तिनं थेट चीनमधून मागवली होती. एकूण खर्च इतका झाला की तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर घेता आलं असतं! इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ साली पुरं झालेलं बाहुलीघर विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्याचा आराखडा केला एडविन लट्यन्स यांनी, म्हणजे त्याच सुमारास ज्यांच्या देखरेखीखाली आपली नवी दिल्ली उभी राहत होती त्यांनी. एका फुटाला एक इंच या मापानं सगळं बांधलेलं. नळाला पाणी येतं, दिवे लागतात.

हे वाचलं की मनात येतं, आपल्याकडे असं फर्निचर का नाही? उत्तर सोपं आहे. आपल्या घरांतच ते नव्हतं. सामान्य मराठी घरात बसायला पाट किंवा घोंगडी, निजायला बाज किंवा सतरंजी, कपड्यांना पेटी, आणि भिंतीत कोनाडा नाहीतर फडताळ. टेबल-खुर्ची ही साहेबाच्या कचेरीतली वस्तू. म्हणून आपल्या भातुकलीतलं फर्निचर म्हणजे पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा आणि झोपाळा, एवढंच. बाकी सगळा संसार भांड्यांचा. आणि घर? घर कोळशानं जमिनीवर रेघा ओढून करायचं. इथं माजघर, इथं न्हाणी, इथं गोठा. खेळ संपला की पायानं पुसून टाकायचं.

आणखी एक फरक आहे आणि मला तो मोठा वाटतो. तिकडचं बाहुलीघर बाहुलीच्या मापाचं असतं. आपली भातुकली मुलीच्या हाताच्या मापाची. तिकडचं कपाटात ठेवून पाहायचं, आपलं वापरायचं. भातुकलीच्या कढईत खरोखरच चुरमुरे-शेंगदाण्यांचा चिवडा व्हायचा, गुळाचं पाणी व्हायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर चार दाणे भात शिजायचा. जुन्या पितळी भातुकलीच्या भांड्याला आतून कल्हई केलेली आढळली, तर समजावं की त्यात खरंच काहीतरी शिजत होतं. कारण आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून तर भांड्याला आतून कथलाचा हात द्यायचा. मोठ्या भांड्यांबरोबर ही चिमुकली भांडीही कल्हईवाल्याच्या भात्यापुढे मांडली जात.

अर्थात, पितळी-तांब्याची भातुकली सगळ्यांना कुठून परवडणार? ती खाऊनपिऊन सुखी घरातली. गरिबाघरच्या मुलीची भातुकली मातीची. कुंभाराकडून दिवाळीला लक्ष्मीपूजनाची बोळकी यायची. त्यांत लाह्या-बत्तासे भरून पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून ती बोळकी मुलींची. संक्रांतीच्या सुगडांचंही तेच. ‘चूलबोळकी’ हा शब्दच मुळी तिथला. फुटली की पुढच्या सणापर्यंत थांबायचं. म्हणूनच मातीची भातुकली संग्रहात फारशी सापडत नाही. श्रीमंत मुलीचा खेळ मागे उरला, गरीब मुलीचा मातीला मिळाला. संग्रह पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मधल्या पायरीवर लाकडी भातुकली. कोकणात सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत. आमच्या माहूर-किनवटकडून पाहिलं तर जवळचं गाव म्हणजे आता तेलंगणात असलेलं निर्मल. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत निर्मल आणि नांदेड दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती. निर्मलचे नकाशी कारागीर पुनिकी नावाचं हलकं, मऊ लाकूड वापरतात आणि चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांचा लगदा करून तुकडे जोडतात. फळं, पक्षी, प्राणी हे त्यांचं खास काम. आणि उत्तरेला विदर्भ. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. मुलीच्या हातात चूल आणि मुलाच्या हातात बैल! समाजानं कामांची वाटणी खेळण्यांतूनच कशी करून टाकली होती, ते यावरून दिसतं.

ही खेळणी वर्षातून एकदा देवापुढेही बसत. आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यापुढे आरास करताना घरातली सगळी खेळणी, भातुकली, लाकडी जनावरं मांडायची पद्धत आहे. शेजारच्या तेलंगणात आणि कर्नाटकात दसऱ्याला पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, त्याच जातीचं हे. आजीची भातुकली सासूच्या नजरेला उजळ माथ्यानं पडायची ती या तीन दिवसांत. ‘माझा संसार लक्ष्मीपुढं मांडलेला असायचा,’ असं ती म्हणायची.

चिमुकल्या वस्तूंचं हे वेड किती जुनं, हे पाहायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावं. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं नगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती, बाहुल्या आणि खेळणी सापडली. गावातलेच एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, यांनी ती वर्षानुवर्षं गोळा केली. इतरांना खापरं वाटत होती, त्यांना त्यात गावाचा इतिहास दिसला. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरला आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती ही इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेल्या मूर्तीची जणू बहीण. पण मला तिथं सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ते मातीच्या लहान वस्तूंनी. त्या हातात धरणाऱ्या मुलीचं नाव कोणत्या शिलालेखात असणार?

इथं मी मूळ मुद्द्यावर येतो. आपला लिखित इतिहास सनदा, दप्तरं, ताम्रपट यांवर उभा आहे. माहूरचा इतिहास सांगताना आपण रामगडचा किल्ला सांगतो, गोंड राजे सांगतो, मोगलांच्या बाजूनं लढलेली रायबागन सांगतो. पण माहूरच्या घराघरांत दळणारी, पाणी भरणारी, नवव्या वर्षी नदी ओलांडून आलेली बाई कुठल्या कागदात सापडणार? तिचा कागद म्हणजे तिची भांडी. आणि नेमका हाच कागद आपण मोडीत घातला.

‘मोडीत घातला’ हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. ज्वारी करपली, विहिरी आटल्या. गावोगावी खडी फोडण्याची कामं निघाली, मुलांना सुकडी आणि रेशनवर लाल मिलो मिळू लागला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून आधी घंगाळ गेलं, मग दोन्ही हंडे, मग पराती. मोडीच्या दुकानात तांब्या-पितळेला वजनावर भाव. भांडं कुणी घडवलं, कुणी दिलं, त्यावर कुणाचं नाव घातलंय, याला तराजूत जागा नाही. शेवटी एक दिवस वडील काही बोलले नाहीत, नुसतं फडताळाकडे पाहिलं. आजीच उठली आणि लाल फडकं माझ्या हातात दिलं.

ती भांडी दुकानात घेऊन जाणारा मीच. सगळी मिळून सव्वा किलोही भरली नाहीत. दुकानदारानं ती मूठभर करून ढिगात टाकली. आलेल्या पैशांत काही दिवसांची ज्वारी निघाली. तेव्हा मला वाईटही वाटलं नाही. उपाशी घरात खेळणी काय करायची, असाच विचार होता. आणि आजही मला वाटतं की तो निर्णय चूक नव्हता. घरी आल्यावर आजीनं एवढंच म्हटलं, ‘त्या चिमण्या चरवीचं झाकण माझ्याकडंच राहिलं बघ. तेही न्यायचं होतंस, तेवढंच वजन भरलं असतं.’

खलबत्ता तेवढा वाचला, कारण तो तिच्या चंचीत होता. रोजच्या उपयोगाचा होता.

पुढे नोकरी लागली, शिकवू लागलो आणि इतिहास हाच विषय झाला. योगायोग पाहा, त्याच १९७२ साली आपल्या संसदेनं पुरावस्तू आणि कलावस्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. शंभर वर्षांहून जुन्या, घडणीच्या दृष्टीनं मोलाच्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत, अशी त्यात तरतूद आहे. कायदा योग्यच. पण आपल्या घरगुती भांड्यांना परदेशाचं भय नव्हतंच. त्यांना भय होतं गल्लीतल्या भट्टीचं. दुष्काळ सरला, तसं स्टील आलं. चकचकीत, हलकं, कल्हईची कटकट नसलेलं. बायकांची पाठ आणि हात त्यामुळे सुटले, हेही खरं. पण जी पितळी भांडी दुष्काळातून वाचली ती हौसेनं गेली.

अशा काळात काही माणसं उलट्या दिशेनं चालली, त्यांचे उपकार मानायला हवेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तलवारी आणि तैलचित्रं जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, बाहुल्या, खेळणी जमवली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मुलाच्या स्मृतीसाठी साऱ्या महाराष्ट्राचं घर जपून ठेवणारा हा माणूस. अलीकडच्या काळात पुण्याच्याच विलास करंदीकरांनी केवळ भातुकलीचा मोठा संग्रह करून तिची ठिकठिकाणी प्रदर्शनं भरवली. अशा प्रदर्शनात सत्तरी ओलांडलेल्या बायका काचेवर बोट ठेवून नातींना नावं सांगत असतात. ‘हे बघ, हे ओगराळं.’ तो खरा इतिहासाचा तास.

आता कुणाला हा छंद लावून घ्यायचा असेल तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, जुनं आणि जुनं दिसणारं यांत फरक करायला शिका. हल्ली नवी ओतीव भांडी रसायनानं काळी करून जुनी म्हणून विकतात. खऱ्या जुन्या भांड्याच्या बुडाला घासल्याची झीज असते, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात, हातानं घडवलेलं असेल तर ठोक्याच्या खुणा दिसतात, आत कल्हईचा अंश राहिलेला असतो. दुसरी म्हणजे, वस्तूंवरून काळ ओळखायला शिका. भातुकलीत प्रायमस स्टोव्ह असेल तर ती १८९२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तोपर्यंत तो स्वीडनमध्येही निघालेला नव्हता. किटली आणि कपबशी असेल तर त्या घरात चहा शिरलेला होता. प्रेशर कुकर असेल तर ती १९६० च्या आगेमागेची किंवा नंतरची. खेळणं खोटं बोलत नाही. घरात जे आलं तेच भातुकलीत आलं.

तिसरी गोष्ट. चिंच किंवा पावडर लावून लख्ख करण्याची घाई करू नका. चकाकीबरोबर खुणाही जातात. आणि शेतात, पांढरीत काही सापडलं तर ते घरी आणू नका, सरकारला कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याबद्दल १८७८ पासून कायदा आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वस्तूबरोबर तिची हकिकत लिहून घ्या. कुणाची, कुठल्या गावची, कुणी दिली, लग्न कितव्या वर्षी झालं, त्या भांड्यात काय करायची. ही एक चिठ्ठी नसेल तर उरतं ते पितळ. चिठ्ठी असेल तर इतिहास. वस्तू विकत घ्यायलाच हवी असंही नाही. म्हातारीच्या हातून तिचं बोळकं काढून घेऊन आपल्या कपाटात मांडणं हा काही संग्रह नव्हे. फोटो काढा, माहिती लिहा आणि वस्तू तिच्याच घरात राहू द्या.

आजी जाऊन आता चाळीस वर्षं होतील. तिची भातुकली मी पुन्हा जमवू शकलो नाही. जमवली असती तरी ती तिची झाली नसती. पण जुन्या बाजारात गेलो की अजूनही एक खोड जात नाही. चरवीचं ते पितळी झाकण मी खिशात घेऊन जातो. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं आहे. कुठं चिमुकली चरवी दिसली की दुकानदाराची नजर चुकवून झाकण बसतं का ते बघतो. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही बसलेलं नाही. ती चरवी केव्हाच वितळून तिची दुसरं काही झाली असणार, हे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून पक्कं ठाऊक आहे. तरी बघतो.

आपल्या घरातल्या माळ्यावर, कोठीत, आजीच्या पेटीच्या तळाशी असं एखादं फडकं बांधलेलं असेल, तर आज ते सोडा. आणि जिची ती भातुकली आहे ती हयात असेल, तर आधी तिच्याजवळ बसा.